तुम्ही विचारलंत म्हणून: २० मिनिटांचं काम आणि माझी ६ वर्षं

"२० मिनिटांत होतं ना ते, मग तुला ६ वर्षं कशी लागली?" आत्याने विचारलं, खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, आणि परवा लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरानेही विचारलं. चूक माझीच. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगचं, म्हणजे पावडर साच्यात दाबून, करंटने तापवून भरीव चकती करणाऱ्या मशीनचं, कौतुक मीच सांगत फिरायचे, मिनिटाला १०० अंश चढतं, साध्या भट्टीत दिवस जातो ते इथे चहा पिऊन येईपर्यंत तयार.

तर हो, २० मिनिटांत पेलेट, म्हणजे चकती, होतं. मला हवं होतं काचेसारखं पारदर्शक. काळं होतं.

डाय म्हणजे साचा ग्राफाइटचा, वरून-खालून दाबणारे पंच ग्राफाइटचे, मध्ये गुंडाळलेला कागदही ग्राफाइटचा, सगळ्यातून हजारभर अँपिअर करंट, आणि आत पांढरीशुभ्र स्पिनेलची (मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची) पावडर. कोळशाच्या वखारीत पांढरा शर्ट घालून जायचं आणि डाग पडला म्हणून रडायचं, असला प्रकार. (नावातला स्पार्क आणि प्लाझ्मा लोकांनी मोजायचा प्रयत्न केला, सापडला नाही. नाव मात्र चिकटलंय.) आणि पारदर्शक म्हणजे आतली छिद्रं जवळजवळ शून्य. ९९ टक्के भरीव झालं की बाकी सिरॅमिकवाले पेढे वाटतात, आमच्याकडे ते नापास, हजारात एक भाग पोकळी उरली तरी प्रकाश विखुरतो.

तिसऱ्या वर्षी एक चकती जमली होती. २० मिलिमीटरची, रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान. ब्लेडने ग्राफाइट खरवडला, डायमंड पेस्टवर दोन दिवस घासली, बोटांच्या रेषांत काळं इतकं बसलं की भाकरी खायची लाज वाटावी. पेपरावर धरली तर खालचा "ळ" स्वच्छ दिसत होता. फक्त रंग कोऱ्या चहाचा. दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू. सर म्हणाले, राहू दे, अशीच दाखव. मी ऐकलं नाही. कार्बनच आहे ना, हवेत जाळून टाकू म्हणून रात्री साध्या भट्टीत १२०० अंशांना लावली आणि निवांत झोपले.

सकाळी काढली तर दुधाळ. चहा गेला, "ळ" पण गेला. छिद्रं आधीच बंद झालेली, आतल्या कार्बनचा गॅस झाला, त्याला बाहेर पडायला वाट नाही, मग दाबाखाली मिटलेली बारीक छिद्रं आतून फुगली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगते. वाचलेलं होतं.

आणि मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. चकती छापील कागदावर टेकवून फोटो काढला. टेकवली की दुधाळ चकतीतूनही अक्षरं दिसतात, या धंद्यातली जुनी लबाडी आहे. स्लाइड आली, बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि कोपऱ्यातले एक परीक्षक उठून पुढे आले, टेबलावरची चकती दोन बोटांत उचलली, कागदापासून इंचभर वर धरली. अक्षरं गायब. काही बोलले नाहीत हो, परत ठेवून जागेवर जाऊन बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल मशीनचा काय दोष. आहे दोष! स्लॉट पंधरा दिवसांनी एक, पावडरीत गुठळ्या, दाब जरा वाढवला की डाय तडकतो, पायरोमीटर (लांबून तापमान मोजणारं यंत्र) बघतो डायचं तापमान, पावडरीचं नाही. पण खरं सांगायचं तर २००८ चा जपानमधल्या त्सुकुबाच्या एनआयएमएस या पदार्थविज्ञान संस्थेतल्या लोकांचा पेपर पहिल्या वर्षापासून माझ्या फोल्डरमध्ये होता. स्पिनेल, १३०० अंश, आणि तापवायचं मिनिटाला १० अंशांच्या आत. मला ते पटायचंच नाही. हळूच जायचं तर हे मशीन कशाला, साधी भट्टी काय वाईट होती? आजही तीच वाद घालते माझ्याशी, तिसऱ्या वर्षातली मी. मी सांगते, तापमान कमी लागतं, सिरॅमिकचे आतले दाणे बारीक राहतात. ती म्हणते, एवढंच? मला पुढे बोलता येत नाही. हळू तापवून चकत्या निघाल्या, चांगल्या निघाल्या, पण तीच पावडर, तोच प्रोग्रॅम, आणि मध्येच एखादी पोटात राखाडी ढग घेऊन येते. का, ते विचारू नका.

दुधाळ चकती आत्याने मागून घेतली. कॅलेंडरवर तिथीवर टेकवून बघते आणि म्हणते, दिसतंय की गं चांगलं.