आमची वाटचाल: ताईंनी निवडलेले मणी

ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं दुकान सुरू झालं ते दागिने गाठवून देण्यासाठी. मंगळसूत्राची पोत तुटली, तन्मणीचा सर सैल झाला, की बायका यायच्या. सुटे मणी विकणं हा जोडधंदा. मशीद बंदरला उतरायचं, अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून किलोवर माल आणायचा आणि पाकिटं भरायची. मण्यांत निवडण्यासारखं काही असतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

मग ताई आल्या. नाव छापायचं नाही ही त्यांची अट, म्हणून नुसतं ताई. 11/0 या मापाच्या बारीक काचमण्यांचं पाकीट घेतलं, काउंटरवरच ताटलीत ओतलं आणि तांदूळ निवडावेत तसे सुईच्या टोकाने मणी बाजूला सारू लागल्या. चपटे एकीकडे, जाडे दुसरीकडे. आता परत करणार, असं मला वाटलं. तर म्हणाल्या, "टाकायचे नाहीत हो. वीण निमुळती करायची तिथे चपटे लागतात, फुलवायची तिथे जाडे."

त्यांच्या मनगटावर एक पट्टी होती. पैठणीवरचा मोर, डेलिका नावाच्या जपानी, नळीसारख्या एकसारख्या मण्यांत, पेयोट टाक्याने, म्हणजे विटांसारखे मणी एकाआड एक बसवत विणलेला. एकेक मणी जेमतेम 1.6 मिलिमीटर रुंद. मोराच्या मानेत पाच निळे एकमेकांत असे मिसळले होते की कुठला कुठे संपला ते कळेना. हात वळला की पट्टी कापडासारखी वळायची. मी तेव्हाच विचारलं, "आमच्याकडे शिकवाल का?"

पोटमाळ्यावर शनिवारचा वर्ग सुरू झाला तो असा. पेयोटच्या पहिल्या तीन ओळी नवशिक्यांना रडवतात. सुरुवातीला ओवलेली एकच सर तिसरी ओळ घालताना दोन ओळींत विभागते, मणी वरखाली होतात आणि सगळं पिळवटतं. ताई कुणाच्याही हातातलं काम घेऊन स्वतः नीट करून देत नाहीत. शेजारी बसतात, उसवायला लावतात, पुन्हा ओवायला लावतात. मधेच एखादा मणी जास्त आला तर मात्र उसवायची गरज नाही. त्याच्या भोकात जाड सुई घालायची आणि पकडीने मणी फोडायचा. सुईमुळे काचेची धार दोऱ्याला लागत नाही. डोळे मात्र मिटून घ्यायचे, हे त्या दर वेळी बजावतात.

एकदा सोनेरी मण्यांचा मोठा माल घेतला. ताईंनी चार मणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळले, फडकं पिवळं झालं. व्यापाऱ्याने माल परत घेतला नाही. नुकसान आम्ही सोसलं, पण ते मणी कुणाला विकले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक नवा रंग आधी फडक्यावर आणि मग पंधरा दिवस खिडकीतल्या उन्हात. दुकानाची आज जी काही पत आहे, ती त्या खिडकीमुळे आहे असं मी मनापासून मानते.

2020 मध्ये दुकान बंद असताना ताईंनी डब्यांच्या चळतीवर मोबाईल ठेवून वर्ग चालू ठेवला. त्याच दिवसांत आम्ही किट बांधायला लागलो: निवडलेले मणी, 12 नंबरची सुई, दोरा आणि ताईंनी चौकटीच्या कागदावर रंगवलेला नमुना. आज आमची निम्मी विक्री किटची आहे. निवडण्यात वेळ जातो, किंमत थोडी चढते, तरी गिऱ्हाईक थांबतं.

काउंटरखाली चपट्या आणि जाड्या मण्यांचे दोन डबे आहेत. ते विकायचे नाहीत. शनिवारी ताई आल्या की आधी तेच मागतात.