सोहाग: दोन मठ आणि मधला छळ

इजिप्तमधल्या सोहाग शहराजवळ पांढरा आणि लाल असे दोन जुने ख्रिस्ती मठ आहेत. हॉटेलवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, "पांढरा मठ बघा आणि तिथून चालत लालला जा, वीस मिनिटं." साफ खोटं. मधलं अंतर तीन-चार किलोमीटर आहे आणि वाटेत सावली म्हणून नाही. एका अंगाला बरसीम आणि पाटाचं पाणी, दुसऱ्या अंगाला सरळ वाळवंट. टुकटुक गेली की धूळ दाताखाली कचकचते. सह्याद्री तुडवणाऱ्यांनाही सांगतो, दुपारी हे करू नका. चढ नाही म्हणूनच माणूस फसतो.

मुळात चालायची वेळ आली टॅक्सीमुळे. भाडं दोन्ही मठांचं ठरलं होतं. पांढऱ्याच्या दाराशी उतरल्यावर "ते एकाचं, थांबायचे वेगळे" सुरू झालं आणि आकडा दुप्पट. तेव्हा दोन्ही मठ, थांबणं आणि परत सोहाग स्टेशन, असा एकच आकडा कागदावर लिहून घ्या. पैसे शेवटी द्या, एक पौंडही आधी नको.

गंमत अशी की ज्या शेनूते नावाच्या ख्रिस्ती संन्याशाचा हा पांढरा मठ, तो असल्याच लुटीवर आयुष्यभर आगपाखड करत राहिला. इ.स. ३८५च्या सुमाराला तो इथला प्रमुख झाला. नदीपलीकडच्या अखमीमचा जमीनदार गेसिओस गरिबांच्या गळ्यात नासकी दारू आणि रोगट जनावरांचं मांस चढ्या भावाने मारतो, ही त्याची तक्रार. संन्यासी म्हणजे जगापासून तुटलेला, हे इथे विसरा. शेत कुंपणाला लागून आहे. पुरुषांचे दोन मठ आणि बायकांचा एक शेनूतेच्या हाताखाली होते. तिथे दोर, टोपल्या, कापड तयार व्हायचं. वाळवंटातल्या ब्लेमी टोळ्यांनी गावं लुटली तेव्हा २०,००० माणसांना तीन महिने पोसल्याचं तो स्वतः लिहितो. आकडा त्याचाच, थोडा खाली धरा.

पांढऱ्या मठाच्या चर्चच्या मधल्या दालनाला छप्पर नाही. चुनखडीच्या तिरक्या भिंती थेट फारोंच्या देवळासारख्या. जुन्या देवळांचे कोरीव दगडही त्यात बसवलेत. पण वेळ एकाचपुरता असेल तर बेधडक लाल मठ निवडा. काजळी काढल्यावर गाभाऱ्यात खांब, कोनाडे, कमानी सगळं रंगवलेलं दिसतं. मान दुखेपर्यंत वर बघत होतो, सगळा राग तिथे उतरला. सकाळीच जा. गाभाऱ्यात चपला बाहेर.

अखमीम, नाईलकाठची संध्याकाळ वगैरे छान. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

शाकाहारी असाल तर "सियामी" मागा, म्हणजे कॉप्टिक (इजिप्तच्या ख्रिश्चनांच्या) उपवासाचं जेवण: मांस, अंडी, दूध नाही. फूल (शिजवलेल्या बाकल्याची उसळ) आणि तामिया (बाकल्याचे तळलेले वडे) कुठेही मिळतं. पासपोर्ट जवळ ठेवा, वाटेत विचारतात. १४ जुलैला शेनूतेचा सण असतो. गर्दी आणि ऊन दोन्ही झेपत असेल तरच तेव्हा जा.