दिवाळीत व्हिएतनामला निघताय? आधी होई आनचा पाऊस बघा

नाशिककरांच्या मित्रमंडळात परदेशाचा विषय निघाला की बोट आधी दिवाळीच्या सुट्टीवर पडतं. कुणाचं दुकान, कुणाच्या मुलांची शाळा; सगळ्यांना एकत्र मोकळीक मिळते ती तेव्हाच. व्हिएतनामच्या बाबतीत गोची नेमकी इथेच होते. आपल्याकडे पाऊस ओसरून द्राक्षाच्या छाटण्या सुरू होतात, तेव्हा मध्य व्हिएतनाममध्ये पावसाचा खरा जोर असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थू बोन नदी फुगते आणि होई आनच्या जुन्या पेठेत पाणी शिरतं. तिथल्या जुन्या घरांत भिंतीवर पुराच्या पातळीच्या खुणा करून ठेवल्या आहेत. दुतोंड्या मारुतीवरून गोदेचा पूर मोजणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको.

म्हणून आधी महिना ठरवा, मग ठिकाणं. दिवाळीतच जायचं असेल तर फक्त उत्तर भाग घ्या: हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँगचा उपसागर. तिकडे तेव्हा हवा कोरडी आणि छान असते. मध्य भागही हवा असेल तर मार्चअखेर ते एप्रिल. आम्ही एप्रिल निवडला, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये हनोईत सतत भुरभुर आणि धुकं असतं आणि हा लाँगच्या समुद्रातले डोंगर दिसतच नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष, ‘तेत’, येतं. तो आठवडा टाळाच. दुकानं बंद, गाड्या भरलेल्या आणि व्हिसाचं कार्यालयही सुट्टीवर. हो ची मिन्ह शहर आम्ही यादीतून काढून टाकलं. आठवड्याभरात तीन टोकं गाठायची म्हणजे निम्मी सहल विमानतळावर जाते.

ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचा असेल तर 50. मुदत 90 दिवसांपर्यंत मिळते. अर्ज नाकारला गेला तरी पैसे परत मिळत नाहीत. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ आहे ना, हे बघा; हुबेहूब दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं भरपूर आहेत.

अर्जात सगळ्यात जास्त चुका नावात होतात, आणि त्या आपल्या मराठी नावांमुळे. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा स्वतःच्या नावाला जोडून एकाच रकान्यात असतं. तिकीट काढताना मधलं नाव गळतं, व्हिसात येतं, किंवा उलट. मग काउंटरवर दोन कागदांवर दोन वेगळी माणसं उभी राहतात. यावर खात्रीचा उपाय म्हणजे पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या चिन्हांनी भरलेल्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतल्या पहिल्या ओळीतलं नाव अक्षर न् अक्षर उतरवायचं, व्हिसातही आणि तिकिटातही. फोटो चष्म्याशिवाय. उतरण्याचं विमानतळ तिकिटावर आहे तेच निवडायचं. सगळ्यांचे अर्ज एकानेच भरावेत, पण ‘सबमिट’ दाबण्याआधी ज्याचा त्याने आपला अर्ज मोठ्याने वाचावा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी.

गट चारचा किंवा सहाचा बरा. पाच किंवा सात झाले की एकाला खोली एकट्याच्या भाड्यात घ्यावी लागते. सातआसनी टॅक्सीत सहा जण बसतात, पण बॅगांसकट चारच. सहा जण असाल तर विमानतळावरून दोन गाड्या कराव्या लागतात, हे आधीच धरून चला.

नाशिकहून मुंबई विमानतळाला विमानाच्या वेळेआधी आठ तास निघा. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो. खरा वेळ खातो तो आमण्याच्या पुढचा वडपे-माणकोली-ठाणे पट्टा. तिथे एक ट्रक बंद पडला की दीड तास गेला समजा. स्वस्त तिकिटात बहुधा हातातली सात किलोचीच बॅग धरलेली असते. मोठी बॅग तिकिटासोबतच विकत घ्या, काउंटरवर तीच फार महाग पडते.

तिथलं चलन डोंग, आणि पैशांचा घोळ शून्यांमुळे होतो. शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणायचं, रुपयांचा ढोबळ अंदाज येतो. एक लाख डोंग म्हणजे साडेतीनशेच्या आत-बाहेर. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या आणि प्लॅस्टिकच्या. रात्री टॅक्सीत घाईने एकीच्या जागी दुसरी दिली जाते. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. डॉलर न्याल ते कोरे करकरीत न्या. घडीवर फाटलेली किंवा पेनाची रेघ असलेली नोट लोक घेत नाहीत.

निन्ह बिन्हला त्रांग आनच्या गुहांतून फिरवणारी होडी चार प्रवाशांची असते आणि फेरी सुमारे तीन तासांची. वल्हवणाऱ्या बहुतेक बायका. गुहांचं छत काही ठिकाणी इतकं खाली येतं की अगदी गुडघ्यांवर वाकावं लागतं. टोपी हातात घ्या आणि मोबाइल उंच धरू नका. वाटेतल्या मंदिरांपाशी होडी थांबते, पण निघण्याआधीच स्वच्छतागृहात जाऊन आलेलं बरं.

‘मी सोन’ या जुन्या मंदिरसमूहासाठी मात्र अख्खी सकाळ ठेवा. होई आनपासून साधारण 40 किलोमीटर. लोक बा ना डोंगरावरच्या दोन हातांनी पेललेल्या पुलासाठी दिवस घालवतात आणि हे वगळतात, ते मला पटत नाही. इथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांची ही शिवमंदिरं. चौथ्या शतकाच्या शेवटी भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराची स्थापना केली. शिलालेखांत संस्कृत आहे. विटांचं बांधकाम असं की दोन विटांमध्ये चुन्याची रेघ दिसत नाही. 1969 च्या अमेरिकन बॉम्बफेकीत सर्वांत मोठं मंदिर पडलं. बॉम्बचे खड्डे अजून आहेत. काही मंदिरांची दुरुस्ती आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केली, आणि त्या कामात 2020 मध्ये एकसंध दगडी शिवलिंग सापडलं. नऊनंतर ऊन आणि बसगाड्या एकदमच येतात, तेव्हा सहालाच निघा.

शाकाहारी मंडळींनी ‘चाय’ हा शब्द पाठ करावा. तो चहा नव्हे, मांस-मासळीशिवायचं जेवण. नुसतं ‘भाजी’ म्हणाल तर वरून माशाचा सॉस, ‘नुओक माम’, पडतोच. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक स्थानिक लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी पर्याय वाढतात. तरी चिवडा आणि मेतकूट बॅगेत असू द्या.

सगळ्यांचं पॅकेज एकाच्या नावावर घेतलं असेल, तर टीसीएस, म्हणजे एजंट पॅकेजच्या पैशांसोबत आधीच घेतो तो आयकर, त्याच्याच पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना फायदाही त्यालाच मिळतो. हिशेब वाटताना ती रक्कम वेगळी काढा, किंवा बुकिंगच्या वेळीच एजंटला प्रत्येकाचा पॅन देऊन पावत्या वेगळ्या करून घ्या.