तोरणाखालून

पोळ्याले बैल आमचेही सजतात, झूल, बेगड, शिंगाले रंग, सगळं, पण आम्ही ख्रिस्ती झालो, म्हणून तोरणाखाली पूजा करत नाही, एवढंच, अन् त्यावरून दरवर्षी बोलणं खावं लागते. मोठ्या काकांनी तर चार वर्षं आमच्याकडं पाणीच नाही घेतलं. कागदाचं वेगळंच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंनाच होता, मग शीख आले १९५६ ले, बौद्ध १९९० ले, ख्रिस्ती अजूनही बाहेरच, म्हणून भावाची स्कॉलरशिप गेली. बायबलात लूक १४ मध्ये येशू म्हणतो, बुरूज बांधायच्या आधी खर्च मोजा. बाबांनी मोजला होता का, मी कधी इचारलं नाही. औंदा कापूस येचायले मजूर भेटेना, तर काका सकाळीच बांधावर उभे! बाबांनी गडवा पुढं केला, काका थोडे थांबले, मग प्यायले.