बिलावर लिहिलं होतं ‘वॉकिंग फिश, १ नग’

ॲक्सोलॉटल (पाण्यात राहणारा, शेपटीवाला उभयचर प्राणी) पाळायला घेताना मला धाकधूक होती ती पुण्याच्या एप्रिलची. अडकलो मात्र जानेवारीतच, आणि तेही एका बिलापायी.

मी प्राणीशास्त्राचा विद्यार्थी, सदाशिव पेठेत काकूंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. सह्याद्रीत बेडूक आहेत, देवगांडूळ (बिनपायाचा, गांडुळासारखा दिसणारा उभयचर) आहे, पण शेपटीवाला उभयचर नाही. भारतातला सॅलॅमँडर दार्जिलिंगकडे, हिमालयात. तो संरक्षित आहे, पाळायचा विचारही करू नका. म्हणून मेक्सिकोचा ॲक्सोलॉटल, टाकीत पैदास झालेला. तुटलेला पाय पुन्हा उगवतो आणि आयुष्यभर कल्ले घेऊन पाण्यातच राहतो, यावर मी आधीच भाळलो होतो.

हा प्राणी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे घेतल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायची. फॉर्म उघडला, फोटो चढवले, आणि कुठून आणला याचा कागद जोडताना बिल नीट वाचलं: ‘वॉकिंग फिश, १ नग’. शास्त्रीय नाव नाही, तारीखही नाही.

दुकानात गेलो. गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, ‘‘मासाच आहे ना दादा, कोण बघतंय?’’ मासा नाही, हे मी त्याला कल्ले-फुप्फुसांसकट समजावलं. तेवढ्यात त्याने दोन गप्पी विकले. दुसऱ्या खेपेला शेठ गावाला गेलेले. तिसऱ्या खेपेला नवं बिल मिळालं, त्यावर ‘एक्झोलेटी’, आणि तारीख त्या दिवशीची! म्हणजे कागदोपत्री मी तो दोनदा विकत घेतला. चौथ्या वेळी मीच बिल टाइप करून नेलं: अँबिस्टोमा मेक्सिकॅनम, नग एक, खरेदीची खरी तारीख, सोबत यूपीआयची पावती. शेठनी मुकाट्याने सही-शिक्का मारला. वर म्हणाले, ‘‘आमची नोंदणी आहे की, आधी का नाही विचारलंत?’’ तो सव्विसावा दिवस होता. मी काही बोललो नाही, पण राग अजून गेलेला नाही.

तेव्हा पैसे देण्याआधी विक्रेत्याची नोंदणी विचारा, आणि बिलाचा मजकूर घरूनच लिहून न्या.

बाकी टाकी त्याआधी सहा आठवडे रिकामी चालवली होती, पाण्यातली अमोनिया आणि नायट्रायट ही विषारी द्रव्यं शून्यावर येईपर्यंत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच पाणी घाला. त्याला १६ ते १८ अंश मानवतं. २४ च्या वर गेलं की जेवण सोडतो. एप्रिलमध्ये पाण्यावर पंखा लावला, तरी काकूंच्या फ्रीझरमध्ये मटाराशेजारी माझ्या बर्फाच्या बाटल्या होत्याच. हो, राहिलंच: तळाला खडी नको, गांडुळाबरोबर तीही गिळतो.

नोंदणी झाल्याचं काकूंना सांगितलं. त्यांच्या लेखी तो प्राणी अजून पालच.

‘‘मेला तरी कळवावं लागतं,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणजे पालीचाही मृत्यूचा दाखला निघतो?’’