‘घसरगुंडी’ अपडेट: नऊ वॉटर बार वाया, आणि चोर घरातच निघाला

मे महिन्यात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की ‘घसरगुंडी’ या आपल्या सायकलवाटेच्या धुपीचा विषय संपला. ती पोस्ट तशीच ठेवतोय, हसायला उपयोगी पडेल. जूनच्या पहिल्याच दणक्यात नऊपैकी चार वॉटर बार, म्हणजे वाटेवरचं पाणी बाजूला काढायला आडवे घातलेले दगडी बांध, वाहून गेले. जुलैत तेच चार दुप्पट मोठ्या दगडांनी बांधले, चौघांची कंबर गेली, आणि गेल्या शनिवारी पाहतो तर चौथ्या-पाचव्याच्या मधली घळ गुडघ्याएवढी खोल. पुढचं चाक त्यात गेलं तर माणूस हँडलवरून थेट खाली. त्या रात्रीच ग्रुपवर ‘वाट बंद’ टाकलं.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची ही वाट मुळात कुणी आखलेली नाही, शेळ्यांनी पाडलीय. डोंगराचा उतार मोजला तर २२ टक्के, वाटेचा १८. म्हणजे वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, हा नियम आपण जन्मतःच मोडलेला. अशा फॉल लाइनला, म्हणजे सरळ उतारानंच खाली जाणाऱ्या वाटेला, आउटस्लोप (बाहेरच्या कडेकडे कल) देऊन काही होत नाही, कारण पाण्याला बाजूला जाण्यापेक्षा वाटेनंच खाली जाणं सोपं. म्हणून वॉटर बार. म्हणून मोठे दगड. म्हणून आणखी मोठे दगड. गेली दोन वर्षं आम्ही याच रांगेत उभे होतो.

शनिवारी सायकली घरी ठेवल्या. भर पावसात तिघं छत्र्या घेऊन वर गेलो आणि नुसते उभे राहिलो. हे दोन वर्षांपूर्वी का नाही केलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पाऊस असला की आपण वाटेवर जात नाही, माती चिखलली असताना चाक घालायचं नाही हा आपलाच नियम. वाट कोरडी असताना दुरुस्त करायची आणि ओली असताना बघायचीच नाही, असा तो सगळा प्रकार.

दहाव्या मिनिटाला पहिल्या वॉटर बारमागे डबकं भरलं. पहिल्या! त्याच्या वर वाट आहे जेमतेम पंधरा फूट, त्याच्या पुढे सपाटी. पंधरा फुटांच्या वाटेवर एवढं पाणी साचेल कुठून? खालच्या बारला पाणी जास्त आणि वरच्याला कमी, असंच असायला हवं. इथे वरचाच आधी तुडुंब. पाणीही चहासारखं लालसर, म्हणजे कुठून तरी मुरूम कापत आलेलं. मग आम्ही ओहोळाच्या उलट चालत गेलो. सपाटी ओलांडली, करवंदीची जाळी ओलांडली, आणि समोर वन विभागाचा जुना सलग समतल चर, उताराला आडवा खणलेला, खालच्या कडेला मातीचा बांध. साठेक मीटर लांब, दोन फूट रुंद. बरोबर मधोमध, जिथून आपली वाट चर ओलांडते तिथे, बांधाला दोन हात रुंद खिंडार. अख्खा चर तिथून धो धो रिकामा होत होता, सरळ आमच्या वाटेत.

आता खरी लाजिरवाणी गोष्ट. ते खिंडार पावसानं पाडलेलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या माझ्याच पोस्टमध्ये फोटो आहे, ‘चरावर मस्त रोलर बनवला!’ तीन-चार फावडी मारून बांधाचा माथा बसका केला होता, चाक अलगद जावं म्हणून. बाकीचं काम टायरांनी केलं.

घरी येऊन हिशेब मांडला. चराच्या वर साधारण दहा मीटरच्या पट्ट्यातलं पाणी त्यात उतरतं, म्हणजे ६०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तासाला ४० मिलिमीटर पडला तर २४,००० लिटर, आणि त्यातलं निम्मं मुरलं तरी टँकरभर पाणी वाटेच्या तोंडाशी. हा टँकर आम्ही पाटीएवढ्या दगडांनी अडवायला निघालो होतो. धन्य.

सोमवारी वनरक्षकांना भेटून खरं ते सांगून टाकलं. राखीव वनात जमीन फोडणं म्हणजे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातलं कलम २६, ‘रोलर’ म्हटल्यानं ते काही पुसलं जात नाही. ते हसले नाहीत. पण स्वतः वर आले, खिंडार पाहिलं आणि म्हणाले, बांध पूर्ववत करा, माझ्यासमोर करा, सुटे पडलेले दगड वापरा, नवीन खोदायचं नाही. चर पाणी मुरवायला आहे, झाडांसाठी आहे, तुमच्या उड्यांसाठी नाही. यावर काय बोलणार?

मंगळवारी पहाटे सहा जण. खिंडाराच्या कडा आधी पायऱ्यांसारख्या कापल्या, नाहीतर नवीन माती जुन्या मातीला धरत नाही. मग वाहून आलेलाच मुरूम घमेल्यानं वर नेला, चार-चार बोटांचा थर, प्रत्येक थरावर धुम्मस. ओलसर मुरूम काय सुंदर बसतो! मे महिन्यात हाच मुरूम पिठासारखा उडत होता. चाक जातं तिथे दगडांचं पिचिंग, दगड आडवे नाही, उभे, एकमेकांत पाचरीसारखे ठोकून. आडवा दगड चाकाखाली डुलतो आणि महिन्याभरात निघतो, हे आपण खालच्या वळणावर शिकलोय. ओलांडणीची जागा बाकी बांधापेक्षा वीतभर उंच ठेवली, आणि वीस फुटांवर जिथे कातळ उघडा आहे तिथे वनरक्षकांनी दाखवलं तसा सांडवा. चर भरला तर जादा पाणी कातळावरून गवतात पसरेल.

हत्यारांबद्दल दोन शब्द, विचारणारे बरेच आहेत. ऑनलाइन मागवलेला तो चकचकीत कुदळ-फावड्यांचा संच घेऊ नका. कुदळीचा दांडा दुसऱ्या दिवशी नेढ्यापाशी मोडला, आणि फावड्याचं पातं दगडाला लागून जिलबीसारखं वळलं. बोहरी आळीतून नुसती पाती आणा, बाभळीचा दांडा वेगळा घ्या, पाचर मारा, आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा. वेल्डरकडून बनवून घेतलेला मॅक्लाउड मात्र सोनं आहे. एका बाजूला दाताळं, दुसऱ्या बाजूला सपाट पातं, दांडा पाच फुटी. कमरेत न वाकता काम होतं ही चाळिशीनंतरची चैन आहे.

मंगळवारी रात्री झोडपून पाऊस झाला. मी दोनदा उठून खिडकीशी गेलो, बायकोनं तिसऱ्यांदा उठू दिलं नाही. बुधवारी उजाडता वर गेलो. चर काठोकाठ भरलेला, सांडव्यावरून करंगळीएवढी धार, आणि पहिला वॉटर बार कोरडा. म्हणजे ओला, पण मागे डबकं नाही! मी तिथे दहा मिनिटं त्या न साचलेल्या पाण्याकडे बघत बसलो होतो. फोटो टाकलाय, त्यात काहीच दिसत नाही, तेच तर बघायचंय.

सहाव्या बारपाशी मात्र अजून पाणी थांबतं. तिथला गुन्हेगार वेगळा, वाटेच्या बाहेरच्या कडेला चाकांनी साठलेली मातीची वरंडी. वाटेची पन्हळ झालीय. मॅक्लाउडनं ती ओढून टाकली की झालं, अर्ध्या तासाचं काम.

मूळ बेत होता की आता घळ भरायची आणि नऊच्या नऊ बार पुन्हा पक्के करायचे. पण हे लिहिता लिहिता एक सुचलंय. आपण चर मधोमध ओलांडतोच कशाला? हा चर आणि त्याच्या शेजारचा चर यांच्यात तीनेक मीटरची न खोदलेली जागा सुटलेली आहे. वाट तीसेक मीटर डावीकडे नेली तर त्या फटीतून बांधाला न शिवता उतरता येईल. शिवाय तिथे जाताना जमीन थोडी वर चढून मग खाली जाते, म्हणजे फुकटचा ग्रेड रिव्हर्सल. पाणी तिथेच वाट सोडेल. मग नऊ बार लागतीलच कशाला, तीन पुरतील. नवीन रेघ म्हणजे रीतसर पत्र, नकाशा आणि वाट बघणं आलं. पत्राचा मसुदा मी करतो. तोपर्यंत पिचिंग आहेच. घळ भरायची घाई रद्द, फक्त तोंडाशी दगड टाकून ठेवू.

बाकी किरकोळ. वळणावरचा चोरटा शॉर्टकट बंद करायला जूनमध्ये गिरिपुष्पाच्या फांद्या रोवल्या होत्या. सगळ्यांना पालवी फुटलीय. आधीच टेकडीभर हे परकं झाड, त्यात आपण हौसेनं कुंपण लावलं. रविवारी मुळासकट उपटायचं आणि वाळलेल्या काटक्या टाकायच्या. त्याच शॉर्टकटचा कुणीतरी स्ट्राव्हा या सायकलवाल्यांच्या ॲपवर सेगमेंट, म्हणजे वेळेची चुरस लावायचा टप्पा, केला होता. तो ‘धोकादायक’ म्हणून नोंदवल्यावर त्याची क्रमवारी दिसेनाशी झाली, आणि आठवड्यात तिथले टायरचे ठसे कमी झाले. दगडांनी जे जमलं नाही ते एका बटणानं केलं.

आणि घंट्या. सकाळी फिरायला येणाऱ्या एक काकू गेल्या वर्षी माझ्या चाकाखाली येता येता वाचल्या होत्या, तेव्हापासून वाटेवर आडवे दगड लावणाऱ्यांत त्या होत्या हे आता उघड गुपित. पितळी घंटी लावल्यापासून आणि चालणाऱ्यांसाठी आपण थांबायला लागल्यापासून दगड बंद. बुधवारी त्यांनीच विचारलं, “वरचा चर तुम्ही बुजवला का रे?” बुजवला नाही काकू, बांधला, म्हटलं. “मग आधी फोडला कुणी?” मी घंटी पुसत बसलो.

रविवारी साडेसहा, खाणीपाशी. घमेली पुरेशी आहेत, बाभळीचे दोन दांडे कमी पडतायत. ज्याच्याकडे धुम्मस राहिलाय त्यानं तो आणा, आणि सायकल आणू नका. वाट अजून बंदच आहे.