दाफेनमधली सुट्टी

आज चीनमधल्या शेन्झेनमध्ये सुट्टी, म्हणून मेट्रोने दाफेनला गेलो. १९८९ मध्ये चित्रांचे व्यापारी हुआंग जियांग हाँगकाँगहून इथे आले आणि व्हॅन गॉगच्या नकला रंगवणारं गाव उभं राहिलं. गल्लोगल्ली सूर्यफुलं, अक्षरशः! २००८ च्या मंदीत परदेशी ऑर्डरी आटल्या, तेव्हापासून स्वतःची चित्रं काढणारेही वाढले.

एका बोळात एक बाई नक्कल नाही, स्वतःला सुचलेलं चित्र रंगवत होत्या. पावसातली गल्ली, दोरीवरचे कपडे, एक भिजलेली स्कूटर. किंमत शेजारच्या नकलेच्या चौपट. मोबाइलवर भाषांतर करून घासाघीस करायला गेलो (सवय हो!), तर त्यांनी हसून सूर्यफुलांकडे बोट दाखवलं. स्वस्तातलं हवं तर ते घ्या!

त्यांचंच चित्र घेतलं मग. रंग अजून ओला आहे, त्यामुळे हॉटेलात पलंगावर चित्र आणि खुर्चीत मी.